फाटका क्यूआर आणि निःशेष भाग

पंचवटी कारंजाजवळ भाजीवाल्या मावशी कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी मारत होत्या आणि तेच पाणी त्यांच्या क्यूआर कोडवर उडत होतं. कागदाचा उजवीकडचा खालचा कोपरा भिजून निघून गेलेला. “बघ बरं, होतंय का,” त्या म्हणाल्या. झालं. वीस रुपये पहिल्याच खेपेला गेले.

जो तुकडा कागदावर उरलाच नाही, त्यातला मजकूर फोनला कळला कसा? याचं उत्तर नववीच्या बीजगणितातल्या शेष सिद्धांतापासून सुरू होतं.

इथे नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांची (१९०५–१९८६) ६१७४ ही संख्या घेऊ. तिला बहुपदी समजायचं: ६क्ष³ + क्ष² + ७क्ष + ४, आणि क्ष म्हणजे १०. क्ष − १ ने भागल्यावर बाकी किती? भागाकार मांडायची गरजच नाही, क्षच्या जागी १ ठेवा: ६ + १ + ७ + ४ = १८. इथे क्ष − १ म्हणजे ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो, म्हणून ६१७४ लाही जातो. आजीने शिकवलेली नवाची कसोटी ती हीच. फोनही हेच करतो, फक्त त्याच्या संख्या वेगळ्या.

यंत्राला मोजक्याच संख्या हव्यात, पण बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार सगळं त्यांच्यातच भागलं पाहिजे. घड्याळाचे बारा आकडे चालत नाहीत. तिथे ३ × ४ म्हणजे १२, म्हणजे शून्य! शून्य नसलेल्या दोघांचा गुणाकार शून्य झाला की भागाकार कोलमडतो. आठवड्याच्या सात वारांत असं होत नाही, कारण ७ मूळ संख्या आहे. मूळ संख्येने भागून फक्त बाक्या ठेवल्या, की एक नेटकं जग तयार होतं.

या जगांत बहुपदींचं रूप पालटतं, आणि मला सगळ्यांत मोह पडतो तो याचाच. क्ष² + १ चे अवयव नेहमीच्या संख्यांत पडत नाहीत. पाचाच्या जगात पडतात: (क्ष + २)(क्ष + ३) = क्ष² + ५क्ष + ६, त्यात ५ म्हणजे शून्य आणि ६ म्हणजे १. तिनाच्या जगात ०, १, २ ठेवून पाहिलं तर १, २, २ येतात. शून्य कधीच नाही, म्हणून अवयवही नाहीत. दोनाच्या जगात तर क्ष² + १ म्हणजे चक्क (क्ष + १)², कारण मधलं २क्ष नाहीसं होतं. ज्या चुकीवर वहीत लाल रेघ बसते, ती तिथे बरोबर आहे!

क्यूआरला बाइट लागतात. बाइट म्हणजे आठ ०-१ चा गट, म्हणजे एकूण २५६ संख्या. पण २५६ ने भागून बाक्या घेतल्या तर १६ × १६ शून्य होतो, पुन्हा घड्याळाचीच अडचण. वाट फ्रेंच गणिती एवारिस्त गाल्वाने १८३० मध्येच दाखवली होती. दोनाच्या जगात राहायचं, अवयव न पडणारी आठव्या घाताची एक बहुपदी घ्यायची (क्यूआरमध्ये ती क्ष⁸ + क्ष⁴ + क्ष³ + क्ष² + १ आहे) आणि तिने भागून उरणाऱ्या बाक्यांनाच संख्या मानायचं. प्रत्येक बाकीत आठ सहगुणक, प्रत्येक ० किंवा १. बरोबर २५६.

आता मावशींच्या खात्याचा पत्ता म्हणजे अशा बाइटांची ओळ, म्हणजेच एक लांब बहुपदी. तिच्या शेपटीला जादा बाइट असे जोडतात, की अख्ख्या बहुपदीला एका ठरलेल्या बहुपदीने निःशेष भाग जावा. फोन त्या भाजकाची मुळं, म्हणजे ज्या किमतींना भाजक शून्य होतो त्या, क्षच्या जागी एकेक करून ठेवून पाहतो. सगळीकडे शून्य आलं तर मजकूर धड. नाही आलं, तर आलेल्या किमतींवरूनच कुठला बाइट बिघडला आणि किती, हे काढता येतं. एका चुकीमागे दोन जादा बाइट लागतात. ही युक्ती रीड आणि सॉलोमन या अमेरिकन गणितींची, १९६० ची. १९९४ मध्ये जपानमध्ये क्यूआर कोड तयार झाला तेव्हा ती आयती हाताशी होती. दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी असलेल्या कोडमध्ये सुमारे ३० टक्के बाइट बिघडले तरी मजकूर परत मिळतो.

उरलेल्या तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांना मात्र हे संरक्षण नाही. त्यांच्यात मजकूर नसतो. कोड कुठे आहे आणि कुठल्या बाजूने वाचायचा, ते फोनला त्यांच्यावरून कळतं. मावशींना मी एवढंच सांगितलं, की हे तीन चौकोन भिजू देऊ नका. त्यांनी कागद दुधाच्या पिशवीत घातला आणि छत्रीच्या दांडीला वर बांधला.