५४० वॅटचं पॅनेल ४०० का दाखवतं?

गोव्यातल्या पर्वरीच्या एखाद्या गच्चीवर एप्रिलच्या भर दुपारी ५४० वॅटचं सौर पॅनेल मोजलं आणि मीटरवर चारशेच्या आसपास आकडा आला, की घरमालकाचा पहिला संशय पॅनेल बसवणाऱ्यावर जातो. पॅनेल बहुतेक वेळा ठीक असतं. त्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर छापलेला आकडा ज्या परिस्थितीतला आहे, ती परिस्थिती त्या गच्चीवर कधी अवतरतच नाही.

स्टिकरवर वॅटच्या शेजारी बारीक अक्षरांत ‘एसटीसी’ लिहिलेलं असतं. ही प्रमाणित चाचणीची स्थिती: पॅनेलवर दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन, सेलचं, म्हणजे पॅनेलमधल्या सिलिकॉनच्या चकतीचं, तापमान २५ अंश सेल्सिअस आणि प्रकाशाचा वर्णपट ‘एअर मास १.५’चा. सूर्य माथ्यापासून ४८ अंश कललेला असताना किरणांना जेवढी हवा ओलांडावी लागते, तेवढ्या हवेतून गाळून आलेला प्रकाश म्हणजे एअर मास १.५. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात इथं सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशीसुद्धा मध्यान्हीचा सूर्य माथ्यापासून ३९ अंशच कलतो, म्हणजे एअर मास जेमतेम १.३. दीड गाठायचा तर सकाळ किंवा संध्याकाळ धरावी लागते, आणि तेव्हा पॅनेलवर १००० वॅट ऊन पडत नाही.

पण खरी मेख तापमानाची. हवा ३३ अंश असताना उन्हातलं काळं पॅनेल तिच्याहून २५ ते ३० अंशांनी जास्त तापतं, त्यामुळे सेल ६० अंशांना पोचणं नेहमीचंच. मोनो पर्क जातीच्या पॅनेलची शक्ती २५च्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घटते; टॉपकॉन या नव्या जातीची थोडी कमी, ०.३०च्या आसपास. ३५ अंश जास्त म्हणजे सव्वाबारा टक्के तिथंच गेले. हा बिघाड नव्हे, सिलिकॉनचा स्वभाव आहे. तापल्यावर त्याचा प्रवाह किंचित वाढतो, पण व्होल्टेज त्याहून कितीतरी वेगाने पडतं.

मग कारखान्यात १००० वॅट ऊन आणि २५ अंश हे दोन्ही एकाच वेळी आणतात कसे? झटक्यात. वातानुकूलित खोलीत पॅनेल थंड ठेवायचं आणि झेनॉन किंवा एलईडी दिव्यांचा एकच लखलखाट पाडायचा, काही मिलिसेकंदांपासून शंभर-दोनशे मिलिसेकंदांपर्यंतचा. पॅनेल तापायला लागायच्या आत मोजमाप संपलेलं असतं. दिवा कसा असावा याचेही दर्जे आहेत. सर्वांत वरच्या ‘ए प्लस’ दर्जाला पॅनेलभर उजेडातला फरक एक टक्क्याच्या आत लागतो, मोजताना तीव्रता एक टक्क्याच्या आत स्थिर लागते आणि वर्णपटाच्या प्रत्येक पट्ट्याचं खऱ्या वर्णपटाशी गुणोत्तर ०.८७५ ते १.१२५ मध्ये बसावं लागतं. टॉपकॉनसारख्या नव्या सेल मात्र स्वतःच कपॅसिटरसारख्या वागतात. त्यांच्यावर लखलखाट फार छोटा पाडला तर प्रवाह आणि व्होल्टेज यांचा वक्र वेडावाकडा येतो, म्हणून त्यांना लांब स्पंद द्यावा लागतो. एवढं सगळं करूनही चांगल्या प्रयोगशाळेच्या आकड्यात दीड-दोन टक्के अनिश्चितता उरतेच. ५४० वॅटवर दोन टक्के म्हणजे ११ वॅट. त्यामुळे ‘पाच वॅट कमी भरले’ म्हणून भांडण्यात काही राम नाही.

गच्चीवर मोजायचं तर पहिली गरज ऊन मोजण्याची. मोबाइलमधलं लक्स मीटर इथं निरुपयोगी आहे. लक्स हे मानवी डोळ्याचं माप, सिलिकॉनला डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही चालतो. त्यासाठी पायरॅनोमीटर म्हणजे ऊन मोजायचं यंत्र, किंवा रेफरन्स सेल म्हणजे आधीच पारखून ठेवलेली मापाची सेल हवी, आणि ती पॅनेलच्याच उतारात, त्याच दिशेला धरायला हवी. १५ अंश उताराच्या पॅनेलशेजारी यंत्र सपाट ठेवलं की डिसेंबरच्या मध्यान्ही मोठी चूक होते: यंत्राला सूर्य ३९ अंशांनी तिरका दिसतो आणि पॅनेलला २४ अंशांनी. थेट ऊन पॅनेलवर १७ टक्के जास्त पडत असतं आणि यंत्राला त्याचा पत्ताच नसतो.

पायरॅनोमीटर आणि रेफरन्स सेल यांच्यात इथल्या दमट हवेमुळे आणखी एक गंमत होते. पायरॅनोमीटर उष्णतेवर चालतो, त्यामुळे तो सुमारे २८०० नॅनोमीटरपर्यंतचं सगळं ऊन मोजतो. सिलिकॉनची धाव १२०० नॅनोमीटरच्या आसपास संपते. हवेतली वाफ मुख्यतः त्या पलीकडचे पट्टे गिळते, जे सिलिकॉनला तसेही नकोच असतात. म्हणून मे महिन्याच्या घामट दुपारी पायरॅनोमीटरचा आकडा घटतो, पॅनेल मात्र त्या मानाने कमी घटतं आणि हिशेबात ते थोडं जास्तच चांगलं दिसतं. पॅनेलच्याच जातीची रेफरन्स सेल वापरली की हा घोळ बराच मिटतो.

तापमान पॅनेलच्या मागच्या बाजूने मोजायचं. पातळ थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, एखाद्या सेलच्या मधोमध, मागच्या पांढऱ्या शीटवर चिकटपट्टीने घट्ट बसवायचं. कडेला नको, तिथं फ्रेम थंड असते. सेल मागच्या शीटपेक्षा आणखी दोन-तीन अंश गरम धरायची. इन्फ्रारेड गन समोरच्या काचेवर रोखली तर तिला काचेबरोबर आकाशाचं प्रतिबिंबही दिसतं आणि आकडा कमी येतो.

वेळ कोणती? गोव्यात सूर्याची मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. ऋतूनुसार ती सव्वाबारा ते पाऊणच्या आसपास पडते. तिच्या तासभर अलीकडे-पलीकडे मोजावं, आणि ऊन निदान ७०० वॅट असावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची निरभ्र दुपार सर्वांत भरवशाची. चवथीच्या सुमाराचे फुटके ढग फसवे असतात. ढगाच्या कडेवरून परतलेला प्रकाश थेट उन्हात मिळतो आणि काही सेकंद आकडा हजाराच्याही वर उडी मारतो. त्या क्षणी घेतलेलं मोजमाप फेकून द्यावं.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. १४४ अर्ध्या सेलचं, ५४० वॅटचं पॅनेल. स्टिकरवर उघड्या टोकांचं व्होल्टेज म्हणजे व्हीओसी ४९.५, टोकं जोडल्यावरचा प्रवाह म्हणजे आयएससी १३.८५ अँपिअर. उतारातलं ऊन ८६० वॅट, सेल ६० अंश. अपेक्षा काय धरायची? शक्ती ५४० गुणिले ०.८६ (ऊन) गुणिले ०.८७७५ (उष्णतेचे सव्वाबारा टक्के वजा), म्हणजे साधारण ४०७ वॅट. प्रवाह उन्हाच्या प्रमाणात चालतो आणि उष्णतेने किंचित वाढतो, म्हणून १२.१ अँपिअर. व्होल्टेज उष्णतेने साडेनऊ टक्के पडतं आणि उन्हामुळे अगदी थोडं, म्हणून ४४.५. प्रत्यक्षात आय-व्ही ट्रेसरने, म्हणजे प्रवाह-व्होल्टेजचा वक्र काढणाऱ्या यंत्राने, ३८९ वॅट, ११.६ अँपिअर आणि ४४.४ व्होल्ट दाखवले. ३८९ला ०.८६ आणि ०.८७७५ने भागलं की एसटीसीवर ५१५ वॅट येतात, साडेचार टक्के तूट. व्होल्टेज जागच्या जागी आहे, प्रवाह तेवढा चार टक्के कमी. म्हणजे सेलपर्यंत उजेडच पोचत नाही. काच धुऊन, तेवढ्याच उन्हात पुन्हा मोजल्यावर १२.० अँपिअर आणि ४०४ वॅट आले, तर एसटीसीवर ५३५ झाले आणि तक्रार संपली. खाणींच्या डिचोली-सांगे भागात आणि कच्च्या रस्त्यांलगत काचेवर बसणारी ही तांबडी धूळ चिवट असते. पहाटेच्या दवाने ती खालच्या फ्रेमशी गोळा होऊन सुकते आणि नेमकी खालच्या ओळीतल्या सेलवर पट्टा धरते. धुवायचं सकाळी किंवा संध्याकाळी. तापलेल्या काचेवर गार पाण्याचा फवारा मारू नये.

वॅटच्या एका आकड्यापेक्षा वक्राचा आकार जास्त बोलतो. प्रवाह आडवा येतो, मग खांदा, मग कडेलोट. खांदा जितका चौकोनी तितका फिल फॅक्टर, म्हणजे शक्ती भागिले व्हीओसी गुणिले आयएससी, चांगला. या पॅनेलचा स्टिकरवरच्या आकड्यांतून ०.७९ निघतो आणि ६० अंशांवर तो ०.७५-०.७६ भरतो. व्होल्टेज आणि प्रवाह दोन्ही बरोबर असून खांदा घसरलेला असेल आणि शेवटचा उतार तिरपा झाला असेल, तर मालिकेत कुठंतरी रोध वाढला आहे. समुद्राकाठी याचं नेहमीचं ठिकाण म्हणजे कनेक्टर. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी एकमेकांत बसवलेले असतात, आधीच उल्हास त्यात खाऱ्या वाऱ्याचा फाल्गुन मास. दशांश एक ओहम रोध वाढला तरी ११ अँपिअरवर १२ वॅट उष्णता त्या इवल्याशा प्लास्टिकमध्ये साठते. आधी ते पिवळं पडतं, मग वितळतं.

वक्राला मध्येच पायरी आली, तर माडाच्या झावळीची सावली किंवा पक्ष्याची विष्ठा शोधावी. पायरी नाही, पण व्होल्टेजच कमी असेल तर मोजणी आणखी सोपी. अशा पॅनेलचे तीन भाग असतात आणि प्रत्येकावर एक बायपास डायोड, म्हणजे तो भाग अडला तर प्रवाहाला द्यायची पळवाट. गरम पॅनेलच्या ४४.५ व्होल्टचा एक भाग १४.८ व्होल्टचा. दहा पॅनेलच्या स्ट्रिंगवर, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या मालिकेवर, ४४५ अपेक्षित असताना ४३० मिळाले, तर एक डायोड आतल्या आत शॉर्ट झाला आहे. मेमधल्या किंवा परतीच्या पावसातल्या विजांनंतर हे हमखास तपासावं.

ट्रेसर नसेल तर तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवरही बरंच काम होतं, फक्त तो डीसी मोजणारा हवा. साध्या मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या खाचेतून आयएससी मोजायला जाऊ नये. १२ अँपिअरने फ्यूज उडतो, आणि फ्यूज नसलेल्या स्वस्त मीटरची तार जळते. पॅनेल जाड चादरीने झाकायचं, दोन्ही टोकं कनेक्टरनेच जोडायची, चादर काढायची, क्लॅम्प लावून आकडा घ्यायचा, पुन्हा झाकायचं आणि मगच टोकं सोडवायची. चालू प्रवाहात कनेक्टर ओढला तर डीसीची ठिणगी विझत नाही, लांबत जाते. स्ट्रिंगला हात लावण्याआधी इन्व्हर्टर (डीसीची घरगुती एसी वीज करणारं यंत्र) बंद आणि डीसी आयसोलेटर (पॅनेल तोडणारा खटका) खाली, हा क्रम कधी बदलू नये.

पावसाळ्यात प्रश्नच वेगळा. जूनच्या सकाळी इन्व्हर्टर ‘इन्सुलेशन फॉल्ट’, म्हणजे वीज जमिनीकडे गळते आहे, म्हणून अडून बसतो आणि अकराला ऊन पडल्यावर आपोआप चालू होतो. तंत्रज्ञ दुपारी येतो, सगळं कोरडं असतं, काहीच सापडत नाही. ही चाचणी ओल्यातच करायची असते. प्रमाणित चाचणीत पॅनेल पाण्यात बुडवून त्याचा इन्सुलेशन रोध मोजतात आणि रोध गुणिले क्षेत्रफळ निदान ४० मेगाओहम-चौरस मीटर भरावं लागतं, २.५८ चौरस मीटरच्या या पॅनेलला ते साडेपंधरा मेगाओहम पडतात. अख्ख्या स्ट्रिंगला निदान एक मेगाओहम तरी हवा.

दोष कुठे आहे ते शोधायची युक्ती साध्या मल्टिमीटरची आहे. पाऊस नुकताच थांबलेला असताना, आयसोलेटर बंद करून, हजार व्होल्टपर्यंतच्या मीटरने आणि रबरी हातमोजे घालून धन टोक ते अर्थिंग (जमिनीची जोडणी) आणि ऋण टोक ते अर्थिंग अशी दोन व्होल्टेज घ्यायची. गार हवेत प्रत्येक पॅनेल ४६ व्होल्टचं धरलं, तर दहांचे ४६०. समजा धन बाजूला ३२२ आणि ऋण बाजूला १३८ आले. बेरीज पूर्ण ४६० भरते, म्हणजे गळती एकाच जागी आणि पक्की आहे. बेरीज अर्धवट आली तर हा हिशेब लावू नये. १३८ला ४६ने भागले की तीन. ऋण टोकापासून तिसऱ्या आणि चौथ्या पॅनेलच्या मधला कनेक्टर उचलून पाहायचा. बहुधा तो बांधायचा राहून गेलेला असतो आणि गच्चीच्या साचलेल्या पाण्यात, शेवाळावर निवांत पडलेला सापडतो.