अंगठीवाली पुस्तकं दोन आहेत: घेण्याआधी एवढं वाचा

"लॉर्ड ऑफ द रिंग्जची गेम आहे का तुमच्याकडे?" हा प्रश्न आठवड्यातून चारदा तरी येतो. आहे. पण एक नाही, दोन आहेत, आणि घोळ तिथेच होतो. एकीचं नाव 'द वन रिंग', दुसरीचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज रोलप्लेइंग'. दोन्ही स्वीडनच्या फ्री लीग या एकाच प्रकाशकाच्या. दोन्हींतला काळ तोच, बिल्बोची सफर ('द हॉबिट'ची गोष्ट) होऊन गेलेली आणि फ्रोडोची ('लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची) अजून सुरू न झालेली. कपाटात शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटतात. आमच्याकडे परत करायला येणारी पुस्तकं बहुतेक या जोडीतलीच असतात, म्हणून हे पत्रक.

रोलप्लेइंग म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि पुस्तकातल्या नियमांनी, फासे टाकत, सगळ्यांनी मिळून गोष्ट खेळायची, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. नसेल तर रविवारी सकाळी येऊन चालू डाव बघत बसा. चहा आमचा.

आता मुद्द्याचं. रमी आणि मेंढीकोट, दोन्ही पत्त्यांच्या एकाच कॅटवर खेळतात. म्हणून रमीचा सिक्वेन्स मेंढीकोटात लावायला गेलात तर घरचे हसतील. इथेही तसंच आहे. मुखपृष्ठावरचं नाव तुम्हाला जग कुठलं ते सांगतं. आतले नियम कुठले ते सांगत नाही.

'द वन रिंग'चे नियम तिचे स्वतःचे. गुण तीनच: स्ट्रेंग्थ, हार्ट, विट्स. २० मधून गुण वजा करायचा, उरेल तो आकडा गाठायचा. हार्ट ५ असेल तर १५. बारा बाजूंचा एक फासा टाकायचा आणि त्याच्या जोडीला, कौशल्य जितकं तितके सहा बाजूंचे. बारा बाजूंच्या फाशावर १ ते १० आकडे आणि दोन खुणा असतात. गँडाल्फची खूण आली की बेरीज न करता काम फत्ते. सॉरॉनचा डोळा आला की त्या फाशाचं शून्य. खास खुणांचे फासे आम्ही विकतो, दिसतातही देखणे, पण पहिल्याच दिवशी घेऊ नका. साध्या फाशावर ११ म्हणजे डोळा आणि १२ म्हणजे गँडाल्फ धरलं की भागतं.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज रोलप्लेइंग' मात्र डंजन्स अँड ड्रॅगन्स या दुसऱ्याच रोलप्लेइंग गेमच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांवर चालते. सहा गुण, वीस बाजूंचा फासा, आर्मर क्लास (मार लागणं किती अवघड), हिट पॉइंट (किती मार सोसेल), सगळं तेच. आणि हे पुस्तक एकट्यानं पुरत नाही, पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम लागतात. ते विकत घ्यायलाच हवेत असंही नाही. 'एसआरडी' नावाची त्यांची संक्षिप्त प्रत २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळते. दुकानदारानं हे सांगू नये म्हणतात.

चूक कशी महागात पडते ते सांगतो. मागच्या पावसाळ्यात एका शनिवारी डोंबिवलीहून पाच मित्र आले. चारला टेबल घेतलं होतं, तीन तासांसाठी. महिनाभर व्हॉट्सअ‍ॅपवर तयारी चाललेली, प्रत्येकानं घरून पात्र बनवून आणलेलं, एकानं तर बुटक्याच्या दाढीचं चित्रही काढलेलं. सूत्रधारानं (डाव चालवणारा तो जीएम, म्हणजे गेममास्टर; आमच्याकडे त्याला सूत्रधार म्हणायची पद्धत आहे, शिवाजी मंदिर नाट्यगृह जवळ असल्याचा परिणाम) पुलावर पहिला ऑर्क उभा केला. दाढीवाला म्हणाला, "माझा वीसचा फासा कुठाय?" तेव्हा सगळे कागद एकमेकांना लावून पाहिले. तिघांच्या कागदावर वन रिंगचे एन्ड्युरन्स आणि होप, दोघांच्या कागदावर दुसरीचे हिट पॉइंट आणि आर्मर क्लास. पुस्तकं दोन ठिकाणांहून घेतली होती, आणि दोन्हीकडे "तीच ती" म्हणून दिली होती. दोन पात्रं नव्यानं बांधण्यात साडेसहा वाजले. सातचा ग्रुप जिन्यात ओल्या छत्र्या घेऊन उभा आणि ऑर्क अजून पुलावरच. मुलं वैतागली ती आमच्यावर.

पुरवणी पुस्तकांत तर पाय हमखास घसरतो. 'रुइन्स ऑफ द लॉस्ट रेल्म' हे वन रिंगचं, 'रुइन्स ऑफ इरियाडोर' हे दुसरीचं. मोरियाची पुस्तकंही दोन: 'थ्रू द डोअर्स ऑफ ड्युरिन' वन रिंगसाठी, 'शॅडो ऑफ खझद-दूम' पाचव्या आवृत्तीसाठी. पुस्तक उलटं करा आणि मागच्या मजकुरात 'फिफ्थ एडिशन' किंवा '5E' असं शोधा. दहा सेकंदांचं काम आहे. जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं असेल तर जरा जास्त जपून. वन रिंगची पहिली आवृत्ती २०११ ची, दुसऱ्याच प्रकाशकाची. तिच्यातल्या गोष्टी वापरता येतात, नियम मात्र बदलले आहेत.

म्हणूनच फोनवर "ती अंगठीवाली द्या" म्हटल्यावर आम्ही लगेच पार्सल बांधत नाही. आधी काय खेळला आहात, सूत्रधार कोण, बाकीच्यांकडे कुठलं पुस्तक आहे, किती जण, एवढं विचारतो. एका गृहस्थांनी याला पोलीस चौकशी म्हटलं. म्हणोत. प्लास्टिकचं वेष्टन फाडलेलं पुस्तक आम्ही परत घेत नाही, तेव्हा आधी चार प्रश्न विचारणं आम्हाला भाग आहे. उघडी प्रत चाळायला दुकानात ठेवलेली आहे, हवा तितका वेळ बसा. पुस्तकाची झेरॉक्स किंवा पीडीएफची प्रिंट मात्र मागू नका. पात्राचा कोरा कागद हवा तेवढा देतो.

"मला अरॅगॉर्न (कादंबरीतला पुढे राजा होणारा नायक) व्हायचंय" असंही बरेच जण म्हणतात. वन रिंगचा डाव तिसऱ्या युगाच्या २९६५ सालात, इरियाडोरमध्ये सुरू होतो. त्या वेळी अरॅगॉर्न चौतीस वर्षांचा, थोरोंगिल नावानं रोहान-गोंडोर या दूरच्या राज्यांकडे चाकरीला. तो तुमच्या वाटेत नाहीच. जादूगारही होता येत नाही. कॅप्टन, वॉर्डन, ट्रेझर हंटर वगैरे सहा पेशे आहेत, त्यांत मंत्र टाकणारा एकही नाही. हे ऐकून काहींचा चेहरा पडतो. पण टूक घराण्यातला एखादा नवखा हॉबिट घेऊन बसलेलेच पुढच्या शनिवारचं टेबल आधी मागतात, असं आमचं निरीक्षण. नव्या मंडळींनी वन रिंगचा स्टार्टर सेट घ्यावा. त्यात शायरमधली (हॉबिटांच्या मुलखातली) तयार पात्रं आणि फासे दोन्ही येतात, म्हणजे घरून पात्र बनवून आणायची भानगडच नाही.

बाकी कथामालिकांवरच्या गेम्सचं थोडक्यात. 'साँग ऑफ आइस अँड फायर'ची ग्रीन रोनिनची गेम २००९ ची. तीत सगळे मिळून आधी आपलं घराणं उभं करतात, ते काम फार रंगतं. आमच्याकडे नवी प्रत येत नाही. जुनी आली तर कळवू, नाव लिहून ठेवा. 'विचर'ची २०१८ ची गेम दहा बाजूंच्या फाशावर चालते, तिला वीस बाजूंचे फासे घेऊन येऊ नका.

टेबल तीन तासांचं, माणशी ३५० रुपये, सूत्रधार हवा असल्यास वेगळे. ग्रुपनं येणार असाल तर प्रत्येकानं आपल्या पुस्तकाच्या मागच्या पानाचा फोटो आदल्या दिवशी पाठवा. जुळतात का ते आम्ही बघून ठेवतो, त्याचे पैसे नाहीत. सोमवारी बंद. पावसाळ्यात पुस्तक न्यायला येताना घरून जाड पिशवी आणा, आमच्याकडची कागदी पिशवी दादर स्टेशनपर्यंत टिकत नाही.