अ‍ॅमोनाइटला चिंच लावू नका

दिवाळीच्या साफसफाईत काकूंनी देवघरातली ताम्हण-पळी चिंचेनं घासली आणि हात ओला आहे तोवर शोकेसमधला माझा अर्धा अ‍ॅमोनाइटही, म्हणजे एका समुद्री प्राण्याचा दगड झालेला शंखही, घासून ठेवला. ताम्हण लखलखलं. दगडाची चकाकी मात्र गेली, बोट फिरवलं तर खडूसारखं लागू लागलं. चूक माझीच. तो दगड कशाचा आहे हे मी घरात कधी सांगितलंच नव्हतं.

मधोमध कापून, पॉलिश करून जोडीनं विकले जाणारे तपकिरी अ‍ॅमोनाइट बहुतेक मादागास्करचे असतात, साधारण ११ कोटी वर्षांपूर्वीचे. हा प्राणी माकुलाच्या (स्क्विडच्या) गोतावळ्यातला. शंखाच्या सगळ्यात बाहेरच्या खोलीत तो राहायचा. वाढला की पुढे सरकायचा आणि मागे भिंत घालून जुनी खोली बंद करायचा. सगळ्या भिंतींतून एक बारीक नळी गेलेली असे. तिच्यातून बंद खोल्यांतलं पाणी काढून घेतलं जाई, त्या जागी वायू भरे आणि एवढं कवच घेऊनही प्राणी पाण्यात अधांतरी राही. तो मेल्यावर उघड्या खोलीत चिखल शिरला. बंद खोल्यांत मात्र जमिनीतलं पाणी झिरपत राहिलं आणि कॅल्साइटचे स्फटिक भिंतींपासून आत वाढत गेले. काही खोल्या तर अजून मधे पोकळ असतात. कॅल्साइट म्हणजे चुनखडीचंच द्रव्य. चिंच, लिंबू, व्हिनेगर, कुठलंही आम्ल त्याला खातं. खनिजांच्या १ ते १० या मापावर त्याचा कठीणपणा जेमतेम ३, आणि घरातल्या धुळीत ७ कठीणपणाचे वाळूचे कण. म्हणून कोरड्या फडक्यानं घासणंही वाईटच. आधी धूळ फुंकून काढावी, मग ओलसर मऊ कापड फिरवावं.

कापलेली जोडी जास्त खपते, पण मला न कापता वरून घासलेला नग अधिक आवडतो. आतल्या भिंतींच्या कडा सपाट नसतात. त्या जिथे कवचाला टेकतात तिथे त्यांना बारीक चुण्या पडलेल्या असतात. वरचं कवच घासून काढलं की त्या चुण्यांची नक्षी दिसते, नेच्याच्या पानांसारखी. तिच्यावरून जाती ओळखायला मोठी मदत होते. याची किंमतही मोजावी लागते: कवचावरच्या धारा आणि उंचवटे पॉलिशमध्ये कायमचे जातात. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साज घेताना कारागिरी बघतो तसं इथे करून चालत नाही. जितकी कारागिरी जास्त, तितका मूळ ऐवज कमी. जोडी घेताना दोन्ही अर्धे आरशातल्यासारखे उलटसुलट जुळतात का हे आवर्जून पाहावं. करवतीच्या पात्यानं थोडा दगड खाल्लेला असतो, त्यामुळे किंचित फरक हवाच. आत बुडबुडे दिसले तर राळेचा ओतीव नग समजावा.

पन्हाळ्यावर किंवा रंकाळ्याच्या काठी असा दगड सापडेल का, असं शाळेतली मुलं विचारतात. नाही सापडणार. आपला काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा, आणि अ‍ॅमोनाइट संपले तेही त्याच सुमारास. जिल्ह्याच्या दक्षिणेला या लाव्ह्याखालून जुने वालुकाश्म डोकावतात, पण ते पहिल्या अ‍ॅमोनाइटच्याही कितीतरी आधीचे. म्हणजे वरचा दगड उशिरा आला आणि खालचा फार लवकर. कच्छमध्ये मात्र जुरासिक काळातले अ‍ॅमोनाइट भरपूर आहेत. जीवाश्मांचे अभ्यासक विल्यम वागेन यांनी १८७३ ते १८७५ या काळात त्यांचं सविस्तर वर्णन छापलं.

तरीही एखादा अ‍ॅमोनाइट कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत असतो, तोही देवघरात. नेपाळच्या गंडकी नदीतले अनेक शाळिग्राम म्हणजे हिमालय उभा राहण्याआधीच्या समुद्रातल्या अ‍ॅमोनाइटभोवती घट्ट झालेले गोळे. आतलं चक्र म्हणजे त्या शंखाचा ठसा. त्यांना पॉलिश केलंय नदीनं. काकू त्याला नुसत्या पाण्यानं आंघोळ घालतात, चिंच कधीच लावत नाहीत.

आता उरला पायराइटचा, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाचा, सोनेरी चमकणारा प्रकार. आपला पावसाळा त्याला सोसत नाही. दमट हवेत पायराइटचं ऑक्सिडीकरण होऊन गंधकाम्ल तयार होतं, भेगा पडतात आणि पिवळट-पांढरी भुकटी गळू लागते. एकदा सुरू झालं की थांबवणं कठीण. माझा असा एक छोटा नग मृगाच्या आधीच सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात जातो, तो दसऱ्यालाच बाहेर येतो.