रॅम डिस्क (डॉस) : बिघाड व निवारण

संगणकाच्या मेमरीचा काही भाग राखून तो वेगळ्या ड्राइव्हसारखा वापरण्याच्या सोयीस रॅम डिस्क म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस या जुन्या कार्यप्रणालीत हे काम रॅमड्राइव्ह.सिस आणि आयबीएमच्या पीसी-डॉसमध्ये व्हीडिस्क.सिस हा ड्रायव्हर करतो, दोन्ही संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग.सिस फाइलीतून चढवावे लागतात. तक्रारींचे मूळ बहुधा ड्रायव्हरमध्ये नसते, तर मेमरीच्या निवडीत आणि त्या फाइलीतील ओळींच्या क्रमात असते. म्हणून तपासणी तेथूनच सुरू करावी.

रॅमड्राइव्हच्या ओळीत /ई किंवा /ए हा पर्याय दिला नाही, तर डिस्क ६४० केबीच्या मूळ मेमरीतच जागा घेते आणि मग मोठे प्रोग्रॅम मेमरी अपुरी असल्याचा संदेश देऊन थांबतात. /ए दिल्यास ती एक्स्पांडेड मेमरीत जाते, तर /ई दिल्यास १ एमबीच्या वरच्या एक्सटेंडेड मेमरीत. मात्र /ईसाठी हायमेम.सिस या एक्सटेंडेड मेमरी सांभाळणाऱ्या मॅनेजरची ओळ तिच्या आधी हवी, एरवी मेमरी मॅनेजर सापडत नसल्याचा संदेश येतो व ड्राइव्ह तयारच होत नाही. आकार केबीमध्ये द्यायचा असतो : २ एमबी हवे असतील तर २०४८ लिहावे, आणि काहीच न लिहिल्यास जेमतेम ६४ केबीची डिस्क मिळते. जुन्या फ्लॉपीवरची कॉन्फिग.सिस तशीच उतरवून घेतलेल्या यंत्रांवर आणखी एक गुंता आढळतो. व्हीडिस्क कोणत्याही मॅनेजरला न विचारता १ एमबीच्या लगत वरची मेमरी बळकावतो, आणि हे ध्यानात येताच हायमेम स्वतः चढण्यास नकार देतो. अशा वेळी व्हीडिस्कची ओळ काढून रॅमड्राइव्ह वापरणे हाच सरळ उपाय आहे.

सर्वांत फसवी तक्रार जागा शिल्लक असूनही नवी फाइल तयार न होण्याची आहे. नागपुरात इतवारीतील एखाद्या किराणा पेढीचा हिशेब फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रॅमवर चालतो आणि त्याच्या तात्पुरत्या फाइली रॅम डिस्कवर वळवल्या आहेत, असे समजा. डिर आज्ञा निम्मी डिस्क मोकळी दाखवते, तरी वर्षाखेरीची मोठी क्रमवारी मध्येच अडते. मूळ डिरेक्टरीत नोंदींची संख्या ठरलेली असते, सांगितली नसल्यास ६४, आणि त्यातली एक डिस्कच्या नावासाठी जाते. बाकीच्या भरल्या की जागेचा उपयोग उरत नाही. उपडिरेक्टरीला ही मर्यादा नसते. म्हणून सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक.बॅट फाइलीत आधी एमडी आज्ञेने उपडिरेक्टरी करून मग तात्पुरत्या फाइलींची जागा सांगणारी सेट टेम्पची ओळ लिहावी. डिस्क दर वेळी कोरी सुरू होत असल्याने ही उपडिरेक्टरीही दर वेळी नव्याने करावी लागते.

ड्राइव्हचे अक्षर पुढचे मोकळे असेल ते मिळते, त्यामुळे हार्ड डिस्कवर नवे पार्टिशन केले की जुन्या बॅच फाइली चुकीच्या ड्राइव्हकडे जातात. विंडोज ९८ची स्टार्टअप फ्लॉपीही रॅम डिस्क तयार करते. सीडी ड्राइव्हचे अक्षर एकाने पुढे सरकते ते यामुळेच.

वीज गेली किंवा यंत्र रीसेट केले की मजकूर नाहीसा होतो व तो परत मिळत नाही. विदर्भातील भारनियमनाच्या वर्षांत ही बाब फार महत्त्वाची होती. पेढीच्या खतावणीची मूळ डीबीएफ (फॉक्सप्रोची डेटा) फाइल हार्ड डिस्कवरच हवी. इंडेक्स तिच्यावरून पुन्हा बांधता येतो, तेव्हा तो रॅम डिस्कवर ठेवण्यास हरकत नाही. कोणती ओळ नडते हे उमगत नसेल, तर एमएस-डॉस ६मध्ये सुरुवातीला एफ८ दाबून प्रत्येक ओळ विचारून चढवता येते आणि नंतर मेम /सी आज्ञेने कोणी किती मेमरी घेतली ते पाहता येते.