ओवेन्स खोरं: पळवलेलं पाणी आणि कलाकार

ओवेन्स खोरं म्हणजे कॅलिफोर्नियाच्या पूर्वेला, एका बाजूला सिएरा नेवाडा आणि दुसऱ्या बाजूला इन्यो डोंगर अशा दोन भिंतींच्या मधली लांबट वाळवंटी पट्टी. पाऊस जवळपास नाहीच, सगळी मदार सिएरातल्या बर्फावर. तिथले मूळ रहिवासी पायूट लोक खोऱ्याला पायाहूनाडू म्हणतात, आणि गोरे वसाहतवाले यायच्या आधीपासून त्यांनी पाट खणून ओढ्यांचं पाणी कंदमुळांच्या जमिनींवर फिरवलं होतं. 1863 मध्ये लष्कराने त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना चालवत फोर्ट तेहोनला नेलं, पाट आणि जमिनी इतरांच्या हातात गेल्या. म्हणजे पाणी पळवण्याची गोष्ट 1913 पासून सुरू करायची सवय आहे ती अर्धवटच आहे.

1913 मध्ये काय झालं ते मात्र सगळ्यांना माहीत असतं. लॉस एंजेलिसचा इंजिनियर विल्यम मुलहोलंड याने 233 मैलांचा कालवा पूर्ण केला, 5 नोव्हेंबरला ओवेन्स नदीचं पाणी शहराच्या वेशीवर पोचलं, आणि भाषण म्हणून तो साधारण एवढंच बोलला की हे घ्या, आलं पाणी. त्याआधी शहराच्या माणसांनी गुपचूप जमिनी आणि पाण्याचे हक्क विकत घेऊन ठेवले होते. शेतकरी चिडले, 1924 मध्ये कालव्याला डायनामाइट लावलं, अलाबामा गेट्स हे कालव्यातलं पाणी बाहेर सोडायचे दरवाजे ताब्यात घेऊन पाणी परत नदीत सोडलं, पण शेवटी हरलेच. ज्या ओवेन्स तलावावरून 1870 च्या दशकात सेरो गोर्डोच्या खाणीतली चांदी आगबोटीने जायची तो 1920 च्या दशकात कोरडा पडला. 1970 मध्ये दुसरा कालवा आला, जमिनीखालचं पाणीही उपसायला लागले आणि झरे आटले.

आता कलाकारांकडे. सगळ्यात गाजलेला फोटो अन्सेल अॅडम्सचा, 1944 सालचा, खोऱ्यातल्या लोन पाइन गावाहून दिसणारा हिवाळ्यातला सूर्योदय: वर उजळलेली शिखरं, मधे काळ्या टेकड्या, खाली उन्हाच्या तुकड्यात चरणारा घोडा. चार सकाळी त्याने नुसती वाट बघितली, पाचव्या दिवशी कडाक्याच्या थंडीत गाडीच्या टपावर कॅमेरा लावून बसला, तर घोडा पाठ करून उभा, आणि ऐनवेळी वळला. त्या काळ्या टेकडीवर गावातल्या हायस्कूलच्या पोरांनी चुन्याने एल आणि पी अशी मोठ्ठी अक्षरं रंगवली होती, ती अॅडम्सने निगेटिव्हमधून काढून टाकली, उरलेली प्रिंटवर बुजवली, आणि हे त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. माझ्या मते या खोऱ्यातल्या कलेचा निम्मा इतिहास या एका खाडाखोडीत आहे. शहराने जमीन घेऊन मोकळी ठेवली, म्हणून इथे वस्ती वाढली नाही, आणि तोच रिकामेपणा मग माणसाचा हातच न लागलेला निसर्ग म्हणून फ्रेममध्ये लागला.

अॅडम्स तेव्हा इथे येत होता त्याला मान्झनारही कारण होतं. हे खोऱ्यातलं सफरचंदांचं गाव, लॉस एंजेलिसने विकत घेतल्यावर ओस पडलं आणि 1942 मध्ये, महायुद्ध चालू असताना, अमेरिकन सरकारने त्याच जागेवर छावणी उभी करून 10,000 च्या वर जपानी वंशाच्या लोकांना डांबलं, त्यातले बहुतेक अमेरिकन नागरिकच. कैद्यांपैकी टोयो मियाताके हा फोटोग्राफर, त्याने लेन्स चोरून आत आणली आणि छावणीतल्या सुताराकडून लाकडी कॅमेऱ्याची पेटी करून घेतली. पण त्याहून मला बागा भारी वाटतात. या लोकांनी बराकींच्या मधल्या जागेत आणि मेरिट पार्कमध्ये दगड रचून तळी केली, धबधबे केले, तेही अशा खोऱ्यात जिथलं पाणी मैलोन्‌मैल लांबच्या नळांना जात होतं. पुढे वाळूखाली गाडली गेलेली ती तळी आता उकरून काढलीयेत.

1974 चा 'चायनाटाउन' सिनेमा याच भानगडीवरून सुचलेला, पण त्याने गोष्ट 1937 सालच्या लॉस एंजेलिसमध्ये नेऊन ठेवली, त्यामुळे बऱ्याच जणांच्या डोक्यात इतिहासाच्या जागी सिनेमाच बसलाय.

कोरड्या तलावाकडे कलाकार खरे वळले ते धुळीमुळे. तळातली खारी धूळ वाऱ्याने उडायची, आणि बारीक धुळीचा अमेरिकेतला सगळ्यात मोठा एकच स्रोत म्हणून ही जागा बदनाम झाली. डेव्हिड मेझेलने 2001 पासून विमानातून तिचे फोटो काढले. लाल, रक्तासारखे पट्टे, बघताना अमूर्त चित्र वाटतं, आणि तो लाल रंग येतो उरल्यासुरल्या खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे. फोटो इतके सुंदर आहेत की नुकसान विसरायला होतं, ही तक्रार रास्त आहे, पण नुसते आकडे दाखवून तरी कोण थांबलं असतं.

लॉरेन बॉन आणि तिच्या मेटाबॉलिक स्टुडिओने अख्ख्या शिपिंग कंटेनरचाच कॅमेरा केला, ट्रकवर चढवून खोऱ्यात फिरवला, आणि प्रचंड आकाराचे प्रिंट त्या तलावाच्या तळावरच धुतले. फोटोच्या कागदाला चांदी लागते, सिनेमाच्या फिल्मलाही, म्हणजे खोऱ्यातून शहराकडे गेलेल्या दोन गोष्टी, चांदी आणि पाणी, त्यांनी एकाच कामात पकडल्या. 2013 मध्ये कालव्याला 100 वर्षं झाली तेव्हा बॉनने 100 खेचरं कालव्याच्या कडेने शहरापर्यंत चालवत नेली, कारण बांधकामाच्या वेळी ओझी खेचरांनीच वाहिली होती. महिनाभराचा तो तांडा बघायला गावंच्या गावं रस्त्यावर आली, आणि भाषणबाजी न करता कालव्याची लांबी पायांना कळेल असं काम दुसरं मला आठवत नाही.

धूळ दाबायला शहराने आत्तापर्यंत 2 अब्ज डॉलरच्या वर खर्च केलेत: कुठे उथळ पाणी, कुठे गवत, कुठे खडी. त्यातच आता लँडस्केप डिझाइनवालेही शिरलेत, पक्षी बघणाऱ्यांसाठी पायवाटा, सावलीचे मांडव वगैरे. किनाऱ्यावरचे पक्षी परत आले हे खरं, पण ज्याने तलाव सुकवला त्याच्याच पैशातून झालेली ही कला बघताना जरा अवघडल्यासारखं होतंच. 2021 च्या 'मान्झनार, डायव्हर्टेड' या माहितीपटात पायूट, जपानी-अमेरिकन आणि पशुपालक घराण्यांतल्या बायका एकाच पाण्याबद्दल बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यात अॅडम्सने खोडलेलं बरंच काही परत येतं.