दार, तेल आणि धुळ्याची थंडी

जानेवारीतल्या एका सकाळी आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "हाई दार काब्रं लागत नई रे?" मसाल्यांच्या कपाटाचं छोटं शटर. ढकललं की निम्म्यापर्यंत झपाट्याने यायचं, मग रेंगाळायचं आणि बोटभर फट ठेवून थांबून राहायचं. उन्हाळ्यात ओटा नव्याने बांधून घेतला तेव्हा हेच दार अलगद लागत होतं. मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "हायड्रोलिक गेलं असंल भाऊ, बिजागरी बदलावी लागंल." बदलावी लागली नाही. बिजागरी धडधाकट होती, फक्त तिला धुळ्याची थंडी वाजत होती.

ही सॉफ्ट-क्लोज बिजागरी, म्हणजे दार न आपटता अलगद लावणारी. तिच्यात दोन यंत्रं एकमेकांविरुद्ध काम करतात. एक स्प्रिंग. दार उघडं असताना ती गप्प असते. पण दार बंद होत आलं, शेवटचे वीस-पंचवीस अंश राहिले, की ती त्याला आत ओढते. साध्या ऑटो हिंजमध्ये एवढंच असतं, म्हणून त्यांची दारं शेवटी 'खट्' करून आपटतात. सॉफ्ट-क्लोजमध्ये याच टप्प्यावर दुसरं यंत्र आडवं येतं. हे पेनाच्या टोपणापेक्षाही लहान नळकांडं असतं. त्यात दट्ट्या आणि दाट तेल. दट्ट्या दाबला गेला की तेलाला बारीक वाटेतून पलीकडे जावं लागतं.

रंगपंचमीची पिचकारी आठवा. सावकाश दाबली तर पोरगंही दाबतं. जोरात दाबायला गेलात की हात दुखतो. बारीक वाटेतून तेल जितक्या घाईने ढकलाल, तितका विरोध जास्त. म्हणजे हे नळकांडं दाराला अडवत नाही, दाराच्या घाईला अडवतं. दार रागाने लोटा नाहीतर मायेने, शेवटचे चार बोटं अंतर ते जवळपास एकाच चालीने कापतं. धक्क्यातली ऊर्जा तेलातल्या घर्षणात जाते आणि तेल नकळत, मोजता न येण्याइतकं गरम होतं. दार उघडताना मात्र हा विरोध जाणवत नाही, कारण दट्ट्या तेव्हा मोकळा होऊन परत जागेवर येतो.

आता थंडीकडे. तेलाचा दाटपणा तापमानावर ठरतो. एरंडेल हिवाळ्यात चमच्यावरून उतरता उतरत नाही, हे लहानपणी ज्यांना ते पाजलं गेलं त्यांना सांगायला नको. साधं यंत्राचं तेल १० अंशांवर असताना ४५ अंशांपेक्षा पाच-सहा पट दाट असतं. म्हणून या बिजागऱ्यांत बहुधा सिलिकॉन तेल वापरतात. तेही थंडीत दाटतं, पण साधारण दुपटीनेच. ज्या गावांत हवा वर्षभर एकसारखी असते तिथे हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ कडे धावतो आणि जानेवारीच्या पहाटे सात-आठवर बसतो. दुप्पट दाट झालेलं तेल आणि हलकं दार यांच्या झटापटीत दार हरत होतं.

मसाल्याचं शटर जेमतेम दीड किलोचं, आणि त्याला दोन्ही बिजागऱ्या सॉफ्ट-क्लोज! अशा दाराला एकच सॉफ्ट-क्लोज बिजागरी पुरते. बऱ्याच चांगल्या बिजागऱ्यांवर एक इवलासा खटका असतो, तो सरकवला की नळकांडं बाजूला होतं आणि फक्त स्प्रिंग उरते. वरच्या बिजागरीचा खटका बंद केला, दार लागलं. खर्च शून्य.

मोठ्या दाराची गोष्ट उलटी. ६० सेंटिमीटर रुंद, ७० उंच आणि १८ मिमी जाडीचं प्लायचं शटर दोन्ही बाजूंच्या सनमायकासकट सहा किलोच्या आसपास भरतं. त्याचं वजन मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून ३० सेंटिमीटरवर लटकतं. दोन बिजागऱ्यांत ५० सेंटिमीटर अंतर असेल तर वरची बिजागरी ६ × ३० ÷ ५० म्हणजे साडेतीन किलोहून जास्त ताकदीने बाहेर ओढली जाते, तीही दिवसरात्र. अंतर ४० केलं की हाच आकडा साडेचारवर जातो. म्हणून बिजागऱ्या दाराच्या टोकाकडे, कडेपासून ८ ते १० सेंटिमीटरवर लावतात. ९० सेंटिमीटरपर्यंत उंचीला दोन पुरतात, त्यापुढे तिसरी हवी. रुंदीचा लोभ मात्र आवरा. उंच दार बिजागऱ्या वाढवून सांभाळता येतं, रुंद दार स्क्रू उपटतं.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "झिरो क्रँक, आठ का सोळा?" क्रँक म्हणजे बिजागरीच्या हाताचा बाक. शटर कपाटाच्या बाजूच्या फळीला पूर्ण झाकत असेल तर झिरो. मधल्या एकाच फळीवर दोन दारं येत असतील तर १८ मिमीत दोघांची वाटणी होते, प्रत्येकाला फट सोडून आठेक मिमी. तिथे आठ किंवा नऊ. दार चौकटीच्या आत बसणारं असेल तर सोळा-अठरा. हे चुकलं तर महागातली महाग बिजागरीही काही कामाची नाही. तरी लोक दुकानात फक्त "सॉफ्ट-क्लोज दाखवा" एवढंच म्हणतात.

बिजागरीची वाटी ३५ मिमी व्यासाची. तिच्यासाठी शटरच्या आतल्या बाजूने साधारण १२ मिमी खोल भोक पाडायचं. १८ मिमीच्या फळीत उरतात सहा. कटरच्या मधलं टोक थोडं पुढे असतं, त्यामुळे मिस्त्रीचा हात जरा जास्त दाबला गेला तर समोरच्या सनमायकावर पुरळासारखा उंचवटा येतो आणि तो कायमचा. कडेपासून भोकापर्यंत ३ ते ६ मिमी ठेवतात. ४ धरले तर भोकाचा मध्य कडेपासून १७.५ + ४ म्हणजे २१.५ मिमीवर. कपाटाच्या फळीवरची प्लेट पुढच्या कडेपासून ३७ मिमीवर बसते. दार आत बसणारं असेल तर त्यात दाराची जाडी मिळवा, म्हणजे ५५ झाले. हे आकडे पेन्सिलने फळीवर लिहून ठेवावेत. मिस्त्री लोक "अंदाज बसला आहे" म्हणतात आणि बहुतेकदा तो बसलेलाही असतो. एकाच कपाटाला सहा शटरं असली की मात्र अंदाज दारागणिक एकेक मिमी सरकतो.

सिंकखाली पार्टिकल बोर्ड नको. पाणी लागलं की तो फुगतो आणि स्क्रू मोकळे होतात. तिथे मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० या मानकाचा, पाण्याला टिकणारा, आणि बिजागरी ३०४ स्टेनलेस स्टीलची घ्यावी. लोहचुंबक चिकटला नाही म्हणून ३०४, ही दुकानातली परीक्षा फसवी आहे. स्वस्त २०२ स्टीललाही तो चिकटत नाही.

शेवटचं काम स्क्रूड्रायव्हरचं. बिजागरीवरचा एक स्क्रू दार डावी-उजवीकडे सरकवतो, एक आत-बाहेर, आणि प्लेटवरचे वर-खाली. सगळी दारं लावून झाल्यावर, डबे भरल्यानंतर एकदा आणि महिन्याभराने पुन्हा एकदा ते जुळवावे लागतात. ड्रिल मशीनने जुळवू नका, प्लायमधलं भोक खाल्लं जातं. खाल्लंच गेलं तर काडेपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या आणि सकाळी स्क्रू परत.

आईने तो स्क्रूड्रायव्हर आता पोळपाट-लाटण्याच्या खणात ठेवलाय. एप्रिल लागला की खटका पुन्हा चालू करायचा, हे तिने कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.