छोटी बाटली आणि गुहेतलं डायव्हिंग

"हवेची छोटी इमर्जन्सी बाटली सोबत घेतली की गुहेत एक सिलिंडर पुरतो" हे बरेच दिवस फिरतंय. वाटणं साहजिक आहे, कारण मोकळ्या, उथळ पाण्यात तिच्यावर वर येता येतं, गुहेत मात्र डोक्यावर दगड असतो, आल्या वाटेनेच परत पोहत जावं लागतं.

हिशोब स्वतःच करून बघा. बाटलीवर लिहिलेले लिटर गुणिले गेजवरचा बार (हवेच्या दाबाचं एकक), म्हणजे ०.४ लिटर आणि २०० बार असेल तर साधारण ८० लिटर हवा. शांतपणे पोहताना मिनिटाला २० लिटर लागते धरा, पण ३० मीटर खोलीवर दाब चौपट म्हणून तिथे ८०. झालं, एक मिनिट! घाबरून श्वास वाढला तर तेवढंही नाही.

म्हणून केव्ह डायव्हर दोन मोठे सिलिंडर नेतात, प्रत्येकाला वेगळा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी तोंडात देणारं यंत्र), आणि एक तृतीयांश हवा संपली की मागे फिरतात, एक तृतीयांश परतीला, उरलेली राखीव. एका रेग्युलेटरचा होज (नळी) तर सुमारे २ मीटर लांब असतो, कारण अरुंद बोळातून दोघांना एकामागे एक जाताना हवा वाटून घ्यावी लागते.